‘थई गयुं’ म्हणजे नक्की काय झालं? सहा व्हिजिटच्या एका साखळीचं प्रकरण

२७ डिसेंबर २०२४, शुक्रवार. सकाळी सव्वादहाला डांडिया बाजारातल्या काकूंचा फोन आला.

"अगं, तुमची माणसं लोखंड घेऊन गच्चीवर आलीत. ठोकळे सोमवारी घातले, आज शुक्रवार. तुमचा कडिया म्हणाला होता, दहा दिवस पाणी मारा. मी रोज कालनिर्णयावर खूण करतेय, चारच झाल्यात. या मुलाला सांगितलं तर तो मला मोबाइल दाखवतोय."

मी आमच्या सोलरच्या कामांच्या व्हिजिट लावायच्या सॉफ्टवेअरचा बोर्ड उघडला. त्या घराच्या सहाही व्हिजिट बाणांनी जोडलेल्या, एकापुढे एक, आणि सगळ्या हिरव्या. लाल त्रिकोण एकही नाही. सॉफ्टवेअरच्या हिशेबानं काकूंचंच काहीतरी चुकत होतं.

मी स्ट्रक्चरवाल्याला फोन लावेपर्यंत त्यानं दोन पायांचे नट आवळले होते.

घर, गच्ची आणि काम

आमची फर्म बडोद्यात घरांच्या छतावर सोलर बसवते. मी ऑफिसात बसून व्हिजिट लावते: कोण, कुठे, कधी. माणसं मोजकीच आहेत. स्ट्रक्चर उभं करणारे दोघं, वायरमन दोघं, कंत्राटावरचा एक कडिया (इथे गवंड्याला मराठी माणूसही कडियाच म्हणतो) आणि एक छोटा हाथी, म्हणजे माल वाहायचा लहान टेम्पो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी मिळू लागली आणि चौकश्या एकदम वाढल्या. तोवर व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक्सेलवर भागत होतं. मग शेठनी फील्ड सर्व्हिसचं, म्हणजे बाहेर जाऊन काम करणाऱ्यांच्या व्हिजिट लावणारं, सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यातला मोठा वाटा आम्ही ते कसं मांडलं याचा आहे.

घर जुनं, तीन मजली. गल्ली इतकी अरुंद की छोटा हाथी मोठ्या रस्त्यावरच थांबतो. काम ३.२७ किलोवॉटचं, म्हणजे ५४५ वॉटच्या सहा पॅनेलचं. असं एक पॅनेल सव्वादोन मीटरहून लांब आणि जवळजवळ २८ किलो वजनाचं असतं. ते या घराच्या जिन्यातून वळत नाही, बाहेरून दोरानं वर घ्यावं लागतं, आणि त्याला चार माणसं लागतात. आमच्या कुठल्याही एका टीममध्ये चार माणसं नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. काकांनी दोन वर्षांपूर्वीच सगळी गच्ची वॉटरप्रूफ करून घेतली होती, त्यामुळे ड्रिल मारायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. वरच्यावर काँक्रीटचे सहा ठोकळे ओतायचे, त्यात बोल्ट आधीच रोवायचे, आणि ते पक्के झाले की त्यांवर स्ट्रक्चरचे पाय बसवायचे.

म्हणजे सहा व्हिजिट अशा: कडिया ठोकळे घालणार, स्ट्रक्चरवाले उभारणी करणार, पॅनेल चढणार, वायरमन वायरिंग, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) आणि अर्थिंग करणार, वीज कंपनी नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं) बसवून तपासणी करणार आणि शेवटी आमचा वायरमन सिस्टिम चालू करून देणार. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे दर नव्या ऑर्डरला लागू होणाऱ्या ठरलेल्या नमुन्यात, या सहाही एकाच माळेत ओवलेल्या होत्या. ओवल्या होत्या मीच, सॉफ्टवेअर शिकवायला आलेल्या मुलासमोर बसून, अर्ध्या तासात.

सॉफ्टवेअरला नाती कशी कळतात

दोन कामांचं नातं सांगण्याची पद्धत या धंद्यापेक्षा जुनी आहे. मोठ्या बांधकामांच्या नियोजनात चार नाती धरतात: एक संपल्यावर दुसरं सुरू, दोन्ही एकदम सुरू, दोन्ही एकदम संपणार, आणि क्वचित लागणारं चौथं, एक सुरू झाल्याशिवाय दुसरं संपवायचं नाही. फील्ड सर्व्हिसच्या सॉफ्टवेअरात एवढा पसारा सहसा नसतो. सेल्सफोर्स या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या फील्ड सर्व्हिसमध्ये अशा जोडणीचे तीन प्रकार आहेत: एकाच वेळी सुरू, संपल्यानंतर सुरू, आणि संपल्याबरोबर लगेच सुरू. शिवाय दोन्ही कामांना एकच माणूस हवा असंही सांगता येतं. आमचं सॉफ्टवेअर लहान, पण त्यातही पहिली दोन नाती आहेत.

याखेरीज प्रत्येक व्हिजिटला दोन तारखा असतात. याच्या आधी सुरू करू नये ती एक, आणि याच्या आत संपवावं ती दुसरी. सॉफ्टवेअर या चौकटीत बसेल असा रिकामा माणूस शोधतं.

‘संपल्यानंतर सुरू’ या शब्दांनी आम्हाला फसवलं. ‘नंतर’ म्हणजे कधी? एक मिनिटानं की दहा दिवसांनी? आमच्या सॉफ्टवेअरला मधलं अंतर सांगायची जागाच नव्हती. कडियाचं काम दुपारी एकला संपलं तर स्ट्रक्चरवाले दोन वाजता गच्चीवर हजर, यात त्याला काही वावगं वाटत नाही.

आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच टेम्प्लेटमध्ये तोडगा काढला होता. ऑर्डर नोंदवली की कडियाची तारीख पडायची, आणि स्ट्रक्चरच्या व्हिजिटला ‘याच्या आधी नको’ ही तारीख त्याच क्षणी हिशेब करून अकरा दिवस पुढची बसायची. दहा दिवस का, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवायचं आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा. आमचा कडिया पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) वापरतो, म्हणजे मिश्रच. त्यात डिसेंबरची थंडी, काँक्रीट आणखीनच सावकाश पकडतं.

सुरुवातीची सातआठ कामं या तोडग्यावर बिनबोभाट झाली. त्यामुळे तो तोडगा आहे हेच आम्ही विसरलो.

चूक कुठे शिरली

ऑर्डर १४ डिसेंबरची. ठोकळे सोमवारी, १६ ला ठरले. त्यावरून स्ट्रक्चरची ‘याच्या आधी नको’ तारीख बसली २७ डिसेंबर.

मग कडिया गावी गेला. मी त्याची व्हिजिट बोर्डवर माउसनं ओढली आणि पुढच्या सोमवारी, २३ ला टाकली. सॉफ्टवेअरनं इमानदारीनं सगळी साखळी तपासली. स्ट्रक्चर ठोकळ्यांनंतर आहे का? २७ ही २३ च्या नंतरच येते. ‘आधी नको’ची तारीख पाळली आहे का? पाळली आहे. दोन्ही नियम शाबूत, म्हणून सगळं हिरवं.

दहा दिवस मात्र चार झाले होते, आणि हे सांगणारं बोर्डवर काहीच नव्हतं. ते अंतर नात्यात कधी नव्हतंच. ते एका गोठलेल्या तारखेत होतं. पहिलं काम सरकलं, तारीख जागची हलली नाही, आणि मधली जागा कुणाला न कळता आक्रसली. कॅलेंडरवर रोज एक खूण करणाऱ्या काकूंकडे मात्र सुरुवात होती ठोकळे प्रत्यक्षात घातले तो दिवस. आम्ही ठरवलेला दिवस त्यांनी कशाला धरावा?

यात आणखी एक बारीक गोम आहे, जी मला नंतर कळली. आमचं सॉफ्टवेअर नंतरचं काम मागे-पुढे करताना आधीच्या कामाची *ठरलेली* संपण्याची वेळ धरतं. प्रत्यक्ष केव्हा संपलं ते बघत नाही. दुपारी एकला संपायचं काम संध्याकाळी सहाला संपलं, तरी हिशेब एकचाच. तासांच्या कामात हे खपून जातं. अंतर दिवसांचं असेल आणि काम दोन दिवस लांबलं असेल, तर मग नाही खपत.

गच्चीवर

काकूंचा फोन ठेवून मी स्कूटरवर पाच मिनिटांत पोचले. रावपुऱ्यातल्या ऑफिसातून अंतर तेवढंच.

ठोकळ्यांवर ओली गोणपाटं होती. काकू रोज सकाळ-संध्याकाळ बादली आणि तांब्या घेऊन वर येत होत्या, हे त्या पाण्याच्या ओघळांवरूनच दिसत होतं. पहिल्या दोन ठोकळ्यांवरची गोणपाटं बाजूला सारून त्यांवर बेसप्लेट ठेवलेल्या. स्ट्रक्चरवाला उकिडवा बसून दुसऱ्या ठोकळ्याकडे बघत होता. त्यानं मला काही न बोलता पाना लावून दाखवला. नट फिरला, नटाबरोबर बोल्टही फिरला, आणि बोल्टाच्या मुळाशी काँक्रीटची ओली राखाडी भुकटी गोल फिरत बाहेर आली. कोपऱ्यापर्यंत केसाएवढी एक चीर गेलेली होती. पहिल्या ठोकळ्याचीही तीच गत.

"बेन, हुं शुं करुं? ऐपमां तो आजेज लखेलुं छे," तो म्हणाला. (ताई, मी काय करू? ॲपमध्ये तर आजच लिहिलंय.)

त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याला थांबवायला हवं ते त्याच्या मोबाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. उरलेले चार ठोकळे त्यानं आपणहून सोडले, हे त्याचं कौतुक. नवखा असता तर सहाही आवळून मोकळा झाला असता.

काका खाली पेपर वाचत बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "संक्रांतीच्या आत होईल ना? पुण्याहून मुलगी-जावई येणार आहेत, पतंगाला." मी "हो काका, बघते" म्हणाले. ते ‘हो’ मी म्हणायला नको होतं.

शनिवारचा गोंधळ

एवढ्यावर थांबलं असतं तर हे लिहायला बसले नसते. चूक एका ठिकाणी होती, पण ती साखळीतून पुढे धावली.

शुक्रवारी संध्याकाळी स्ट्रक्चरवाल्यानं दिवस बंद करताना ॲपवर त्या व्हिजिटपुढे ‘पूर्ण’ दाबलं. मी नंतर विचारलं, का रे बाबा? त्यानं शांतपणे समजावलं. ॲपमध्ये दोनच बटणं होती, ‘पूर्ण’ आणि ‘पूर्ण करता आलं नाही’. दुसरं दाबलं की कारण लिहा, फोटो टाका, शेठचा फोन घ्या, आणि महिन्याच्या शेवटी त्याचा आकडा यादीत वर. माल गच्चीवर चढवून ठेवला होता, त्याच्या बाजूनं दिवसाचं काम झालं होतं. "मारुं काम तो थई गयुं, बेन." माझं काम तर झालं, ताई.

‘पूर्ण’ झाल्याबरोबर पॅनेलच्या व्हिजिटची कडी सुटली. सॉफ्टवेअरनं ती आपोआप शनिवारी सकाळी लावली, गोदामाला माल काढायची सूचना गेली, आणि २८ तारखेला साडेनऊ वाजता छोटा हाथी सहा पॅनेल घेऊन मोठ्या रस्त्यावर उभा. मी शुक्रवारी स्ट्रक्चरची नवी तारीख शोधत बसले होते, पुढच्या कड्या हातानं अडवायचं सुचलंच नाही.

शिवाय माणसं आली दोनच. पॅनेल चढवण्याची व्हिजिट आम्ही दोन तुकड्यांत केली होती, एक स्ट्रक्चरवाल्यांची, एक वायरमनची, आणि त्या ‘एकाच वेळी सुरू’ या नात्यानं बांधल्या होत्या. पण स्ट्रक्चरवाल्यांची शनिवारची सकाळ मी आदल्या दिवशी वाघोडिया रोडच्या एका कामासाठी हातानं ओढून घेतली होती. आपोआप लावताना सॉफ्टवेअर दोन्ही तुकड्या एकत्र हलवतं. हातानं ओढताना एकच हलते, कोपऱ्यात एक पिवळी खूण येते आणि आपण पुढे जातो. पिवळ्या खुणा बोर्डवर इतक्या असतात की डोळ्यांना सवय झालेली असते.

तर मग चित्र असं: वर स्ट्रक्चर नाही, खाली काचेची सहा पॅनेल, चारऐवजी दोन माणसं, आणि मागे हॉर्न वाजवणारी शनिवारची डांडिया बाजारची रहदारी. पॅनेल परत गेली. काकूंनी सगळ्यांना चहा दिला.

काकांच्या मोबाइलवर शुक्रवार सकाळ ते शनिवार दुपार या वेळात आमचे सात मेसेज गेले होते. "आपली भेट निश्चित झाली आहे", "आपल्या भेटीची वेळ बदलली आहे", परत "निश्चित". साखळीतली एक कडी हलली की पुढच्या प्रत्येक कडीचा वेगळा मेसेज. त्यातला एक मला काकांनी चष्मा वर करून वाचून दाखवला: "१३ जानेवारी, सकाळी ११ ते १, वीज कंपनीची तपासणी."

"हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?" काकांनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. काम पूर्ण झाल्याची कागदपत्रं पोर्टलवर चढलीच नव्हती, तर ते कशाला सांगतील?

जी व्हिजिट आपली नाहीच

हा भाग मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबते.

बडोद्यात वीज वितरण मध्य गुजरात वीज कंपनीकडे, लोकांच्या तोंडी एमजीव्हीसीएल. नेट मीटर तेच बसवणार, तपासणीही त्यांचीच. मी टेम्प्लेट करताना त्यांच्या नावानं एक खोटा कर्मचारी तयार केला होता, सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच, आणि पाचवी व्हिजिट त्याच्या नावावर टाकली होती. साखळी पूर्ण दिसावी म्हणून. दिसायला ती फार छान दिसायची.

पण सॉफ्टवेअरला तो कर्मचारी खराच वाटतो. आमचं काम सरकलं की ते त्याचंही काम सरकवतं, त्याच्या मोकळ्या वेळा बघतं, आणि ग्राहकाला तारीख कळवून टाकतं. ज्या माणसाला आपण फोनसुद्धा केलेला नाही, त्याच्या वतीनं शब्द दिला जातो.

सरकारी नियमात या टप्प्याला मुदत आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासातून सूट मिळाली, आणि वितरण कंपनीनं यंत्रणा कार्यान्वित करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ वर आणली. म्हणजे आपल्या हातात जे आहे ती *मुदत* आहे, *वेळ* नाही. पंधरा दिवसांच्या आत कधीतरी. सकाळी ११ ते १ नव्हे.

अशा टप्प्याला व्हिजिट म्हणूच नये. ते फाटक आहे. कुणीतरी बाहेरून उघडतं, आणि उघडल्याची खबर आली की मग आपली पुढची व्हिजिट लावायची. आता आमच्या टेम्प्लेटमध्ये पाचव्या जागी नुसती एक खूण आहे: ‘मीटर बसल्याचा फोटो आला’. ती मी हातानं लावते. तोवर सहावी व्हिजिट बोर्डवर येतच नाही, आणि ग्राहकाला तिची तारीख कुणी सांगत नाही. शेठना हे आवडलं नाही, त्यांना पहिल्या दिवशी ग्राहकाला चालू होण्याची तारीख सांगायला आवडतं. त्यावर आमची थोडी वादावादी झाली. शेवटी ‘आमचं काम संपल्यापासून साधारण तीन आठवडे’ यावर तडजोड झाली.

उत्तरायण

सोमवारी, ३० डिसेंबरला, कडियानं दोन्ही ठोकळे फोडून नवे ओतले. दहा दिवस म्हणजे ९ जानेवारीपर्यंत पाणी. १० ला शुक्रवारी स्ट्रक्चर, ११ ला शनिवारी पॅनेल. सॉफ्टवेअर म्हणालं जमतंय. मीही क्षणभर मोहात पडले, कारण काकांना दिलेलं ‘हो’ राखता येत होतं.

बडोद्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. १४ जानेवारी उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. त्या दोन दिवशी शहर जमिनीवर नसतं, गच्च्यांवर असतं. ऊंधियू, जिलेबी, तिळाचे लाडू, स्पीकर, आणि डोक्यावरून मांजा. सॉफ्टवेअरच्या सुट्ट्यांच्या यादीत १४ आणि १५ होत्या. पण अकरा तारखेला पॅनेल चढलेली आणि वायरिंग अर्धवट, अशा गच्चीवर चौदाला वीस माणसं पतंग उडवणार, काचेवर पाय पडणार, उघड्या केबलच्या टोकांशी पोरं खेळणार. उन्हात ठेवलेलं पॅनेल वायर जोडली नसली तरी वीज बनवतच असतं, त्याला बंद करायचं बटण नसतं. हे सुट्टीच्या यादीत कुठे लिहिणार?

मी काकांकडे गेले आणि सरळ सांगितलं, "काका, संक्रांतीच्या आत नाही होणार. होऊ शकतं, पण मी करू देणार नाही." ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बरंय. गच्ची मोकळी तरी मिळेल. त्या ठोकळ्यांवर फिरकी ठेवायला बरं पडेल."

१६ ला गुरुवारी स्ट्रक्चर, १७ ला चौघांनी मिळून पॅनेल, १८ ला वायरिंग. मधल्या रिकाम्या दिवसांत, ३ जानेवारीला, वायरमननं खाली अंगणात अर्थिंगचे तीन खड्डे करून टाकले: एक डीसीचा, एक एसीचा, एक वीजरोधकाचा. हे करताना मला खरी लाज वाटली. अर्थिंगचा ठोकळ्यांशी काहीच संबंध नाही. ते पहिल्या दिवशीही करता आलं असतं. पण मी सहा मणी एकाच दोऱ्यात ओवले होते, म्हणून सॉफ्टवेअर महिनाभर त्याला रांगेत उभं करत होतं. ज्या कामांना खरंच एकमेकांची वाट बघायची आहे तेवढीच बांधायची, हे मला त्या खड्ड्यांपाशी कळलं. नाहीतर वायरमन रिकामा असूनही बोर्ड म्हणतो, जागा नाही.

टेम्प्लेटमध्ये काय बदललं

सर्वांत आधी दहा दिवसांचं अंतर. आमच्या सॉफ्टवेअरला ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही त्या अंतराचीच एक व्हिजिट केली. नाव: ‘पाणी मारणं’. कालावधी दहा दिवस. कर्मचारी: ‘काँक्रीट’. हा कर्मचारी चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस कामावर असतो, कारण इतर सगळ्यांसारखी दहा *कामाचे* दिवस अशी मोजणी ठेवली असती तर रविवार आणि सुट्ट्या वगळून ते बारा-तेरा झाले असते. काँक्रीटला रविवारची सुट्टी नसते. आता कडियाची व्हिजिट ओढली की पाणी मारणं ओढलं जातं, आणि त्यामागे स्ट्रक्चर. कडियानं उशिरा संपवलं तर मी ‘पाणी मारणं’ची सुरुवात हातानं त्या वेळेवर आणते. त्याच्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणून त्याचं काम संपल्याचं मला फोनवरूनच कळतं.

या खोट्या व्हिजिटचा एक फायदा आम्ही ठरवलेला नव्हता. व्हिजिट आहे म्हटल्यावर तिचा मेसेज जातो. मग तो मेसेज आम्ही रोज सकाळी ग्राहकाला पाठवायला लागलो: ‘आज ठोकळ्यांवर पाणी मारण्याचा चौथा दिवस’. सगळ्या गच्च्यांवर काकू नसतात.

‘पूर्ण’ या बटणावर सर्वांत जास्त वेळ गेला. प्रत्येक प्रकारच्या कामाला आम्ही एक शेवटचा फोटो ठरवला, आणि तो चढल्याशिवाय बटण उघडत नाही. स्ट्रक्चरसाठी सहाही पायांच्या नटांवर मार्करची रेघ, नटापासून बेसप्लेटपर्यंत ओढलेली. अर्थिंगसाठी मीटरवरचा रेझिस्टन्सचा आकडा, पाच ओहमच्या आत. फोटोत जे दिसतं ते पुढच्या माणसाला लागणारं आहे, आधीच्या माणसानं किती घाम गाळला ते त्यात येत नाही. शिवाय तिसरं बटण आलं, ‘अर्धवट’. ते दाबल्यावर कारण लिहावं लागत नाही, आकडा वाढत नाही, फक्त पुढची कडी सुटत नाही. पहिल्या महिन्यात ते इतक्यांदा दाबलं गेलं की शेठ चिडले. मी म्हटलं, कामं आधीही एवढीच अर्धवट राहत होती, फक्त आपल्याला ती हिरवी दिसत होती.

मेसेज आता फक्त पुढच्या एका व्हिजिटचा जातो, तोही आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला. दिवसभर बोर्डवर मी काहीही ओढो. पिवळ्या खुणांचं मात्र काही करता आलेलं नाही. ‘एकाच वेळी सुरू’ असलेल्या जोड्यांना मी बोर्डवर जांभळा रंग दिलाय, एवढंच. ओढताना हात थांबतो, निदान अजून तरी.

३० जानेवारी

मीटर मंगळवारी, २८ ला बसलं. फोटो आला, फाटक उघडलं, सहावी व्हिजिट गुरुवारी सकाळी ११ ला लागली. मी मुद्दाम वायरमनबरोबर गेले.

अकराला पाच कमी असताना त्या भागातली वीज गेली. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर बाहेर वीज नसताना चालू होत नाही, आणि होऊही नये. वीज कंपनीचा माणूस खांबावर काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून त्या तारेत करंट गेला तर काय, म्हणून ते त्यात बांधूनच दिलेलं असतं. वर कडक ऊन, सहा पॅनेल तापलेली, आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर एवढंच: ग्रिड नाही.

काकांनी चौकातून शेव-उसळ मागवली. आम्ही खाल्ली. ॲपवर व्हिजिटची वेळ संपून ती लाल झाली, ती मी वाढवली, पुन्हा लाल झाली, पुन्हा वाढवली. सव्वाला पंखा फिरायला लागला. इन्व्हर्टरनं मिनिटभर अंदाज घेतला, आत खटकन आवाज झाला, आणि आकडे चढायला लागले. काकूंनी विचारलं, "झालं?" वायरमननं आधी पडद्याचा फोटो काढला, तो ॲपवर चढेपर्यंत थांबला, आणि मग "थई गयुं" म्हणाला.

ऑफिसात परतल्यावर वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असेल तर ते बऱ्याचदा आधी जाहीर होतं. ते बघून मगच सहावी व्हिजिट लावावी, म्हणजे साखळीत आणखी एक फाटक, असं माझं मत. शेठ म्हणतात, प्रत्येक गोष्टीला फाटक लावलंस तर गाडी सुटायचीच नाही.